परदेशी मतदार नोंदणी (फॉर्म ६ए): फॉर्म भरण्यापासून बोटाला शाई लागेपर्यंतचा अनुभव

आधी मार्क सांगून टाकते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. फॉर्म भरणं ५ पैकी ४, घरी येऊन होणारी पडताळणी ५ पैकी ५, आणि प्रत्यक्ष मत टाकायची सोय ५ पैकी २. फी एक रुपयासुद्धा नाही. आता सविस्तर लिहिते, जरा लांबेल, पण ज्यांना खरंच नाव नोंदवायचंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मी २०१२ पासून जर्मनीत स्टुटगार्टला राहते. पासपोर्ट अजून भारतीय. माहेर सासवड, सासर पुण्यात, आणि पासपोर्ट लग्नाआधीचा असल्यामुळे त्याच्या शेवटच्या पानावर सासवडचा पत्ता आहे, नूतनीकरण केलं तेव्हाही मी तोच ठेवला. तेव्हा काही विचार करून ठेवला नव्हता, पण ह्या नोंदणीत सगळं त्या पत्त्यावरच ठरतं, म्हणून सांगतेय.

बारा वर्षं मी धरून चालले होते की देश सोडला की मतदानाचा विषय संपला. आणि गंमत नाही, खरंच सांगते, आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधे गणपतीत, दिवाळीत, कोणाच्या बारशाला भेटलो तरी जेवण झाल्यावर राजकारण निघतंच, आवाज चढतात, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालेलंही मी पाहिलंय, पण एवढ्या सगळ्यांपैकी एकाचंही नाव मतदार यादीत नव्हतं. मतं सगळ्यांना होती, मत कोणालाच नव्हतं.

कायदा तसा जुना आहे. २०१० मधे लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन २०ए हे कलम आलं आणि २०११ पासून परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आपल्या गावच्या यादीत नाव घालता येतं. अटी तीनच. भारतीय नागरिक पाहिजे, दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं, आणि नोकरी, शिक्षण किंवा आणखी कशामुळे बाहेर राहत असला पाहिजेत. किती वर्षं बाहेर आहात ह्याला मर्यादा नाही. हे मला २०२४ च्या लोकसभेनंतर कळलं, तेही जर्मन भाषेच्या क्लासला असलेल्या कोट्टयमच्या एका मुलीकडून. तिच्या घरात चौघांची नोंदणी होती. केरळचे लोक ह्यात आपल्या किती पुढे आहेत ते आकड्यांवर येऊ तेव्हा बघा.

फॉर्मचं सांगते. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर परदेशी मतदारांसाठी वेगळं खातं उघडता येतं, ईमेलवर, म्हणजे भारतातला मोबाईल नंबर चालू ठेवलेला नसला तरी अडत नाही. ही एक गोष्ट फार बरी केलीये, कारण आपल्याकडच्या निम्म्या सेवा त्या ओटीपीपाशीच अडकतात. मग फॉर्म ६ए. फोटो, पासपोर्टची पानं (फोटोचं, पत्त्याचं, आणि इथल्या व्हिसाचं), परदेशातला पत्ता, बाहेर असण्याचं कारण, घरच्या कोणाचा तरी मतदार क्रमांक. जुनं मतदार ओळखपत्र असेल तर ते जमा करायचं, कारण परदेशी मतदाराला कार्ड मिळत नाही, तुमचा पासपोर्ट हेच तुमचं कार्ड. माझ्याकडे कॉलेजात असताना काढलेलं एक कार्ड होतं, आईने ते स्टीलच्या डब्यात रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलेलं, ते द्यायला तिला जड गेलं.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुम्ही करू नका. प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करून मग स्कॅन करायची असते, मी सही न करता अपलोड केलं आणि सगळं परत करावं लागलं, दोन आठवडे त्यात गेले. एक मार्क कापलाय तो त्यासाठी नाही, ती माझीच चूक. कापलाय तो भाषेसाठी. मराठीत सगळं आहे, पण वाचताना इंग्रजी वाक्य मनात धरल्याशिवाय अर्थ लागत नाही अशा ठिकाणी दोनदा अडले. आपल्याच गावच्या यादीत नाव घालताना माणसाला आपली भाषा परकी वाटू नये एवढंच म्हणणं आहे.

पडताळणीला पाच पैकी पाच का दिले ते सांगते. फॉर्म गेल्यावर तुमचा भाग बघणारे बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे) तुमच्या भारतातल्या पत्त्यावर जातात, घरच्यांकडून खात्री करून घेतात, मग हरकतींसाठी सात दिवस यादी लावतात. आमच्याकडे आल्या त्या शाळेत शिकवणाऱ्या बाई, सुट्टीच्या दिवशी सकाळी, पावसात, पिशवीतून कागद काढून. बाबा सत्तरीचे आहेत, त्यांनी त्यांना चहा दिला आणि माझे फोटो दाखवायला सुरुवात केली. बाईंनी सगळं शांतपणे बघितलं आणि मग विचारलं, "काका, ताई येणार का पण मतदानाला? नाहीतर नाव नुसतं राहतं यादीत." बाबांनी मला फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे काही बोलले नाहीत. मला तोपर्यंत खरंच वाटत होतं की नाव लागलं म्हणजे काम झालं. त्या प्रश्नानंतर मी तिकिटं बघायला लागले.

कारण ह्या सेवेतली सगळ्यात मोठी अट इथे येते. पोस्टाने मत नाही, वकिलातीत मत नाही, ऑनलाईन तर नाहीच. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन तुमच्या गावच्या केंद्रावर स्वतः उभं राहायचं. ह्याचा परिणाम काय होतो ते बघा. परदेशात राहणारे भारतीय नागरिक दीड कोटीच्या आसपास. २०२४ च्या लोकसभेला परदेशी मतदार म्हणून नावं होती १ लाख १९ हजार ३७४. प्रत्यक्ष येऊन मत टाकलं २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्राची नोंदणी पाच हजारांच्या घरात आणि आलेले अक्षरशः बोटांवर मोजण्याइतके. हे नेमके आकडे नंतर जाहीर झाले, पण चित्र तेव्हाही असंच दिसत होतं. मला वाईट वाटलं, राग आला, आणि त्या रागाच्या भरात मी विधानसभेसाठी तिकीट काढलं. २० नोव्हेंबर २०२४, बुधवार, अख्ख्या महाराष्ट्रात एकाच दिवशी २८८ जागा. दिवाळी नुकतीच संपलेली, तिकीट सातशे युरोच्या वर गेलं, दहा दिवस रजा. हा खर्च मी करू शकले हे मी विसरलेले नाही, त्यावर पुढे बोलते.

आता जे सांगायचंय ते फॉर्मपेक्षा वेगळं आहे, पण माझ्यासाठी ह्या सगळ्या सेवेचा खरा उपयोग तोच झाला.

बाहेर राहिलं की देश डोक्यात दोन तुकड्यांत राहतो. एक तुकडा आपण निघालो त्या वर्षाचा. मी निघाले तेव्हा शिवसेना एक होती आणि राष्ट्रवादी एक होती, घड्याळ म्हणजे कोण आणि धनुष्यबाण म्हणजे कोण हे लहान मुलालाही माहीत होतं. आता मशाल आहे, तुतारी वाजवणारा माणूस आहे, आणि माझ्या डोक्यातलं चित्र अजून जुनंच. दुसरा तुकडा फोनवरून येतो, आणि तो कायम मोठ्या गोष्टींचा असतो. देश पुढे जातोय का मागे, आपली संस्कृती, जगात आपलं नाव, मराठीचा अभिमान. मधलं काही येतच नाही. गावातला रस्ता, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, दवाखान्यात डॉक्टर असतो का, हे फोनवर कोणी पाठवत नाही. त्यामुळे आमचे वाद होतात ते सगळे त्या मोठ्या गोष्टींवर, आणि त्यात खूप खात्रीने बोलतो आम्ही, कारण त्यातलं काहीच सकाळी उठून आम्हाला भोगायचं नसतं.

माझंच उदाहरण. पुरंदरचा विमानतळ. २०१६ मधे जाहीर झाला, आमच्या तालुक्यातली सात गावं, मूळ आराखड्यात २,८०० हेक्टरच्या वर जमीन. मधे जागा बदलायचं चाललेलं, ते संरक्षण खात्यापाशी अडकलं आणि परत पहिल्या जागेवर आलं. पुण्याचा लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे तिथे वाढायला मर्यादा, हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी इथे बसून किती वेळा बोलले असेन की एवढं मोठं शहर आणि धड विमानतळ नाही, मुंबईला उतरून एक्सप्रेसवेने चार तास, आणि लोक विरोध करत बसतात, असं कसं पुढे जाणार आपण. हे मी मनापासून बोलत होते. मला खरंच ती देशाची काळजी वाटायची.

मतदानाच्या तीन दिवस आधी मावशीकडे गेले, पारगावला. ती त्या सातातल्या एका गावात राहते हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण ते दोन्ही कधी एका वेळी डोक्यात आलं नव्हतं. ती मला मळ्यात घेऊन गेली. सीताफळाचा हंगाम संपत आलेला, झाडावर राहिलेली दोनचार फळं तिने बोटांनी दाबून बघितली, डोळे उघडलेत का ते बघितलं आणि एक तोडून माझ्या हातात दिलं. पलीकडे अंजिराची झाडं, खट्टा बहार धरलेला, त्याला ठिबकची नळी नवी टाकलेली. मी म्हटलं, मावशी, नळी नवी का टाकलीस, जमीन जाणार म्हणतात ना. ती म्हणाली, "जायची तेव्हा जाईल, झाडाला आज पाणी लागतंय." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्यासारख्यांना यायला जायला बरं पडेल म्हणा." टोमणा नव्हता तो. ती खरंच तसं म्हणत होती, माझी सोय होईल ह्याचं तिला बरंच वाटत होतं. मला तिथे उभं राहवेना.

मी आज विमानतळाच्या विरोधात गेलेय असं नाही. पुण्याला विमानतळ लागणार आहे हे मला अजूनही वाटतं. पण मोबदला किती, कशावरून ठरणार, जमिनीच्या बदल्यात जमीन मिळणार का, विहीर आणि झाडं धरणार का, कुळं आणि मजुरी करणाऱ्यांचं काय, हे प्रश्न माझ्या तोंडून बारा वर्षांत एकदाही आले नव्हते, आणि गावात दुसरं काही कोणी बोलतच नव्हतं. उमेदवारांना लोक तेच विचारत होते. मी कोणाला मत दिलं ते इथे लिहिणार नाही, पण स्टुटगार्टहून निघताना जे ठरवून निघाले होते ते दिलं नाही.

भाषेचंही तसंच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले, मी स्वतः रात्री बसून केले, मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या. आणि आनंद खराच होता तो, मी त्याला कमी लेखत नाही, बाहेर राहणाऱ्याला भाषा हेच घर असतं. पण सासवडला वहिनीला विचारलं तर ती म्हणाली दर्जा मिळाला ते चांगलंच, पण मराठी शाळेतल्या एका वर्गाला आता तुकडीपुरती मुलं नाहीत, तिने स्वतःचा मुलगा इंग्लिश मिडियमला घातलाय आणि त्याचं तिला आतून लागतं. मी जर्मनीत मुलीला मराठी वाचायला शिकवते आणि तिचा मामेभाऊ सासवडला मराठी वाचताना अडखळतो. मला ह्याचं उत्तर माहीत नाही, पण हा प्रश्न आमच्या दिवाळीत निघत नाही आणि तिच्या स्वयंपाकघरात रोज निघतो.

मतदानाचा दिवस. केंद्र नगरपरिषदेच्या शाळेत, घरापासून चालत सात मिनिटं. मोबाईल आत न्यायचा नाही म्हणून बाबांकडे दिला, ते गेटबाहेर बाकावर बसून राहिले, त्यांनी सकाळी सातलाच टाकलं होतं मत. रांगेत पुढे एक आजी, मागे दोन कॉलेजची मुलं पहिल्यांदा आलेली. इतक्या वर्षांत एवढा वेळ मी गावात फोनशिवाय उभी नव्हते राहिले. रांगेत बोलणं चाललेलं ते पाण्याच्या टँकरचं आणि कोणाच्या तरी लग्नाच्या हॉलचं.

आत मी पासपोर्ट पुढे केला. टेबलावरच्या बाईंनी आधी नेहमीच्या यादीत शोधलं, नाही सापडलं. मी सांगितलं शेवटच्या पानावर बघा, परदेशी मतदारांचा भाग वेगळा असतो. हे लक्षात ठेवा, तुमचं नाव यादीत सगळ्यात शेवटी असतं आणि केंद्रावरच्या माणसाने तसा मतदार पूर्वी बघितलेला असेलच असं नाही, त्यामुळे यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून न्या, आणि मूळ पासपोर्टच न्या, झेरॉक्स चालत नाही. त्यांनी शेवटचं पान उलगडलं. त्या भागात एकच नाव होतं. माझं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं, पोलिंग एजंटांपैकी एकाने मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "अगं तू होय, आलीस होय." तो शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होता.

डाव्या हाताच्या तर्जनीला शाई. बटण दाबलं, शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली. सात सेकंद खूप कमी वाटतात पण नीट वाचून होतं. बाहेर आले तर बाबांनी फोन परत द्यायच्या आधी माझं बोट धरून बघितलं.

सेवा म्हणून मत टाकायच्या भागाला मी तरीही दोनच मार्क देणार, आणि ते विचार करून.

मी आले कारण माझ्याकडे रजा होती आणि पैसे होते. आखातात बांधकामावर असलेला माणूस, ज्याचा पासपोर्ट कित्येकदा त्याच्या स्वतःच्या हातातसुद्धा नसतो, ज्याला दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळते, ज्याच्या पाठवलेल्या पैशावर गावातलं घर उभं आहे आणि जो कायमचा परत येणारच आहे, कारण आखातात नागरिकत्व सहसा मिळत नाही, त्याचा ह्या मताशी संबंध माझ्याहून कितीतरी जास्त आहे. आणि तोच येऊ शकत नाही. रत्नागिरी, रायगडातल्या किती घरांतले लोक तिकडे आहेत. त्यांच्यासाठी ही सोय कागदावरच आहे. २०१८ मधे दुसऱ्याकरवी मत देण्याचं, म्हणजे प्रॉक्सीचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं होतं, राज्यसभेत चर्चेला आलंच नाही आणि लोकसभा बरखास्त झाल्यावर बाद झालं. प्रॉक्सी मला पटतही नाही, घरातल्या बायकांचं आणि लेकी-सुनांचं मत कोण टाकणार ते सगळ्यांना माहीत आहे. २०२० मधे आयोगाने सैनिकांना आहे तशी पोस्टाची इलेक्ट्रॉनिक मतपत्रिका परदेशी मतदारांनाही द्यायची तयारी दाखवली होती. ते व्हायला पाहिजे. ते झालं की मी हे मार्क बदलेन.

इथे माझी एक तुर्की शेजारीण आहे, तिच्याशी ह्यावर बरंच बोलणं झालं. तुर्कस्तानचे लोक २०१४ पासून वकिलातीतच मत टाकतात, ती स्टुटगार्टच्या वकिलातीत रांगेत उभी राहून आली होती. २०२३ च्या अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत एर्दोआन यांना एकूण ५२ टक्के मतं होती आणि जर्मनीत राहणाऱ्या तुर्की मतदारांची जवळपास ६७ टक्के. ती स्वतः त्यांची मतदार आहे, तिने लपवलं नाही. तिची बहीण इझमीरला असते, ती तिच्याशी तीन महिने बोलली नव्हती. बहिणीचं म्हणणं एकच, महागाई मी भोगतेय आणि मत तू टाकतेयस. शेजारणीचं म्हणणं, इथे साठ वर्षं आम्हाला परकं म्हणून वागवलं, तिकडचा एक माणूस आमच्याशी आपलं म्हणून बोलतो तर मी का नाही द्यायचं. मला दोघींचंही पटलं, आणि तेव्हापासून मला वाटतं की सोय करावी पण मत गावालाच बांधलेलं राहावं. फ्रान्समधे २०१२ पासून परदेशातल्या नागरिकांचे स्वतःचे वेगळे ११ खासदार असतात, तसं आपल्याकडे नको. माझं मत पुरंदरच्या आमदारासाठीच पडावं, जिथे मावशीचंही पडतं. तसं असलं तरच मला तिचं ऐकून घ्यावं लागतं.

आता घरातली गोष्ट. २७ जून २०२४ पासून जर्मनीने नियम बदलला, त्यांचं नागरिकत्व घेताना जुनं सोडावं लागत नाही. पण आपल्याकडे १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. आयुष्यभराचा व्हिसा, बँक, घर सगळं जमतं, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि मत नाही. नवऱ्याने अर्ज केलाय आणि त्याची कारणं बरोबर आहेत, नोकरी, मुलीचं शिक्षण, सारखे परवान्याचे कागद, आणि तो म्हणतो तेही खरंय की जिथे कर भरतो, जिथे मुलगी शाळेत जाते, तिथल्या निवडणुकीत आपल्याला बोलता आलं पाहिजे. मी अजून भरलेला नाही. लोकांना वाटतं भावनेपोटी अडलीये. भावना आहेच, पण मला भीती वाटते ती वेगळीच. मत गेलं तर बोलणं थांबणार नाही माझं, दिवाळीत मी आवाज चढवून बोलेनच. फक्त मावशीकडे जाऊन विचारायचं कारण राहणार नाही.

स्टुटगार्टचं आणि ह्या विषयाचं एक जुनं नातं आहे. २२ ऑगस्ट १९०७ ला मादाम कामांनी भारताचा झेंडा फडकवला तो ह्याच शहरात, समाजवादी परिषदेत. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत वंदे मातरम्. तो झेंडा पुण्यात केसरीवाड्यात आहे, शाळेच्या सहलीत मी तो बघितला होता, आणि कुठल्या गावात फडकला होता ते तेव्हा पाठ केलं आणि विसरले, इथे नोकरी लागल्यावर आठवलं. तीस वर्षांहून जास्त काळ त्या बाहेर राहिल्या. १९३५ मधे परत यायची परवानगी मिळाली ती यापुढे राजकारण करणार नाही असं लिहून दिल्यावर, आणि पुढच्या वर्षी मुंबईत गेल्या. बाहेरून देशासाठी एवढं केलेल्या बाईला घरी यायला गप्प बसण्याची सही करावी लागली. आपल्याला फॉर्म ६ए मधे सही करावी लागते ती दोन गोष्टींसाठी. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर लगेच कळवेन, आणि कायमची परत आले तर कळवेन, म्हणजे नाव साध्या यादीत घेता येईल. दोन्ही ओळी मी सही करायच्या आधी नीट वाचल्या होत्या. तुम्हीही वाचा.

ज्यांना नोंदवायचंय त्यांच्यासाठी शेवटचं कामाचं. निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, पडताळणी आणि हरकतींचे दिवस धरून निदान दोन-तीन महिने हातात ठेवा. वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, पण त्या वय मोजायच्या आहेत, अठरा पूर्ण असणाऱ्याने कधीही भरावं. मुलं परदेशात शिकायला गेलेली असतील तर त्यांना सांगा, त्यांनाही चालतं. घरच्यांना आधी कळवून ठेवा की बीएलओ येतील, नाहीतर दार बंद बघून परत जातात. आणि पासपोर्टवर कुठला पत्ता आहे ते आत्ता उघडून बघा.

मी परत आले त्या सोमवारी ऑफिसात एकाने बोटावरच्या डागाबद्दल विचारलं, दारात बोट सापडलं का म्हणून. मी सांगितलं. नखावरचा डाग वाढत वाढत पुढे सरकून जानेवारीत कापला गेला. परवा बाबांनी यादीतल्या त्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला, बाईंकडून मागून घेतला म्हणाले. आता त्यात दोन नावं आहेत. दुसरं कोणाचं ते बाबांनाही माहीत नाही, पत्ता आमच्या मागच्या आळीतला आहे.